नऊ वर्षांच्या सिस्टरला पुन्हा परीक्षा कशासाठी?

पत्र: मी ३१ वर्षांची आहे. जीएनएम ही परिचर्येची पदविका झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करते. दोन वर्षे रात्रपाळ्या सांभाळून जर्मन शिकले आणि बी-वन ही मधल्या पातळीची भाषापरीक्षा पास झाले. श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयाने मुलाखत घेऊन मला निवडलेही. पण तिथल्या सरकारी कार्यालयाचे पत्र आले की माझे शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी समकक्ष नाही. एक तर परीक्षा द्यायची, नाहीतर सराव-अभ्यासक्रम करायचा, आणि तोपर्यंत सहायक म्हणून राबायचे. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण मी सांभाळले, नव्याने आलेल्या डॉक्टरांना मशीन मी समजावून दिले, आणि आता मला शिकाऊ ठरवले. ज्या मध्यस्थामार्फत अर्ज केला तो पुढच्या तयारीसाठी पावणेदोन लाख रुपये आणि मूळ प्रमाणपत्रे मागतो आहे. मैत्रीण म्हणते, जर्मनी सोड, इंग्लंडचे बघ. पती चाकणच्या कारखान्यात आहेत, मुलगी चार वर्षांची आहे आणि तिला सांभाळायला सासूबाई तयार आहेत. मी जावे का? (सिंहगड रस्ता, पुणे. नाव प्रसिद्ध करू नये, अशी विनंती.)

भगिनी,

‘आता मला शिकाऊ ठरवले’ हे तुमच्या पत्रातले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. परिचर्या शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, आणि माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी आज आखातात, आयर्लंडमध्ये, इंग्लंडमध्ये आणि अलीकडे जर्मनीत आहेत. परदेशी परवान्याच्या वाटेवर त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकीने कधी ना कधी याच अर्थाचा फोन मला केला आहे. त्यामुळे तुम्हाला लागलेली बोच मला परकी नाही, आणि ती अनाठायी आहे असेही मी म्हणणार नाही. मात्र त्या बोचऱ्या मनाने आज निर्णय घेऊ नका, एवढे मला आधी सांगायचे आहे.

तुमच्या विभागात केरळमधून आलेल्या सहकारी नक्की असतील. पुण्यात रुजू होताना त्यांना काय करावे लागले, ते त्यांना एकदा विचारा. केरळच्या परिषदेकडे रीतसर नोंदणी असूनही इथे काम करण्यासाठी त्यांना महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागली, आणि त्यासाठी आधीच्या परिषदेकडून ना हरकत आणि पडताळणी आणण्याकरिता पत्रांवर पत्रे पाठवावी लागली. एकाच देशात, भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेल्या एकाच अभ्यासक्रमातून शिकलेल्या मुलीचा परवानाही राज्याची सीमा आपोआप ओलांडत नाही. परवाना म्हणजे, या व्यक्तीच्या हातून रुग्णाला इजा झाली तर आपल्या कायद्याने जाब विचारता येईल, अशी एका शासनाने आपल्या नागरिकांना दिलेली हमी असते. दुसऱ्या शासनाने दिलेली हमी कोणतेही शासन जशीच्या तशी उचलत नाही. तुम्ही व्हेंटिलेटर किती सफाईने सांभाळता याबद्दल त्या कार्यालयाने मतच दिलेले नाही, कारण ते त्याने पाहिलेलेच नाही. त्याने पाहिले ते तुमच्या प्रमाणपत्रामागचे तास.

म्हणून ते पत्र पुन्हा हातात घ्या आणि या वेळी त्यातला तक्ता वाचा. जर्मनीत २०२० पासून रुग्णालयातली परिचर्या, बालकांची परिचर्या आणि वृद्धांची परिचर्या यांची पूर्वीची वेगवेगळी शिक्षणे एकत्र करून तीन वर्षांचा एकच अभ्यासक्रम केलेला आहे. त्यात वर्गातले २,१०० आणि प्रत्यक्ष कामाचे २,५०० असे एकूण ४,६०० तास असतात, आणि त्या प्रत्यक्ष कामात रुग्णालयाबरोबरच वृद्धनिवासातली दीर्घकालीन परिचर्या आणि घरोघरी जाऊन केलेली परिचर्या सक्तीची असते. आपल्या जीएनएममध्ये प्रसूतिशास्त्र आणि सामुदायिक आरोग्य यांचा वाटा मोठा आहे, तर वृद्धनिवासाचा जवळजवळ नाही. त्यामुळे त्यांच्या तक्त्यातले काही रकाने तुमच्या बाबतीत रिकामे राहिले. जर्मन लोक या कागदाला ‘डेफित्सिटबेशाइड’ म्हणतात आणि त्यातला ‘डेफित्सिट’, म्हणजे उणीव, हा शब्द कानाला फार कठोर लागतो. पण तो शब्द या रिकाम्या रकान्यांपुरता आहे.

इथे मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. अर्जासोबत तुमच्या रुग्णालयाचे अनुभवपत्र गेले होते का, आणि गेले असेल तर त्यात काय लिहिले होते? जर्मन कायद्यात शिक्षणातली तफावत कामाच्या अनुभवाने भरून काढण्याची तरतूद आहे. परंतु आपल्याकडे रुग्णालये देतात ते अनुभवपत्र चार ओळींचे असते. अमुक तारखेपासून स्टाफ नर्स म्हणून कार्यरत, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. एवढ्यावरून तिथल्या अधिकाऱ्याने काय मोजावे? कोणत्या विभागात किती महिने, आठवड्याला किती तास, कोणत्या प्रकारचे रुग्ण, कोणती कामे स्वतःच्या जबाबदारीवर, वयस्क रुग्ण किती, किती विद्यार्थिनींना मार्गदर्शन केले, असे सगळे तपशील असलेले पत्र मेट्रनच्या सहीने आणि रुग्णालयाच्या शिक्क्याने मिळवा. त्याचे शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर करून घ्या आणि त्याच्या आधारे फेरविचार मागता येतो का, हे निर्णयपत्राच्या शेवटी दिलेल्या मुदतीच्या आत त्या कार्यालयाला विचारा. सगळे रकाने त्याने भरतील असे नाही, पण सराव-अभ्यासक्रमाचे काही तास कमी होऊ शकतात. हे पत्र मिळवण्यासाठी प्रशासनाच्या दारात चार खेपा घालाव्या लागतील. तुम्ही राजीनामा दिल्यावर त्याच खेपा चौदा होतील. म्हणून नोकरीत असतानाच ते मागा.

आता तुम्हाला खरोखर कशासाठी तयार व्हायचे आहे ते सांगते, आणि यात आम्हा शिकवणाऱ्यांचा दोष मी लपवणार नाही. पहिल्या वर्षापासून आम्ही तुमच्याकडून नर्सिंग प्रोसेस घोकून घेतो: रुग्णाची माहिती घ्या, समस्या ओळखा, नियोजन करा, अंमल करा, परिणाम तपासा. जर्नलमध्ये केअर प्लॅन सुबक अक्षरात लिहून घेतो, त्याला गुण देतो. मग मुलगी वॉर्डात रुजू होते, एका पाळीत तिच्या वाट्याला पेलणार नाहीत इतके रुग्ण येतात, आणि डॉक्टरांच्या ऑर्डर्स वेळेवर पूर्ण करणे म्हणजेच परिचर्या, असे तिच्या अंगवळणी पडते. जर्नल माळ्यावर जाते. जर्मनीत मात्र रुग्णाची परिचर्येची गरज ठरवणे, तिचे नियोजन करणे आणि तिचा परिणाम तपासणे ही कामे २०२० पासून कायद्याने फक्त परवानाधारक परिचारिकेसाठी राखून ठेवलेली आहेत. ती डॉक्टर सांगत नाहीत आणि सहायकालाही करता येत नाहीत. या राखीव कामांचा अधिकार तुमच्या हाती सोपवायचा की नाही, एवढेच ती परीक्षा पाहते. रुग्णाला कूस का बदलून दिली, किती वेळाने दिली, त्वचेवर काय दिसले, उद्या त्यात काय बदल करायचा आणि का, हे तुम्हाला बोलून आणि लिहून दाखवता आले पाहिजे. तुमचे हात हे रोज करतात. त्या हातांमागचा विचार शब्दांत मांडायची सवय तेवढी आपल्याकडे सुटलेली आहे.

परीक्षा द्यावी की सराव-अभ्यासक्रम घ्यावा, यावर मुलींमध्ये बरीच चर्चा चालते. परीक्षेत एक तोंडी भाग असतो, तो पाऊण ते एक तासाचा. आणि एक प्रत्यक्ष भाग असतो, त्यात दोन ते चार प्रसंगांत रुग्णांची परिचर्या परीक्षकांसमोर करून दाखवायची असते. जो भाग राहील तो पुन्हा एकदाच देता येतो. सराव-अभ्यासक्रमाला अनेक महिने लागतात, पण शेवटी केवळ झालेल्या कामावर संवाद होतो. मी तुमच्या जागी असते तर अभ्यासक्रम घेतला असता. तुमचे कौशल्य कमी आहे म्हणून हे सांगत नाही. नव्या भाषेत, नव्या वॉर्डात, डोक्यावर ‘एकच संधी उरली’ अशी टांगती तलवार घेऊन उत्तम परिचारिकाही अडखळते, हे मी पाहिले आहे. शिवाय वृद्धनिवासातले आणि घरपोच सेवेतले ते महिनेच तुम्हाला तिथल्या लोकांची भाषा शिकवतील. घरी लहान मूल ठेवून निघालेल्या आईला तीन-चार महिन्यांचा फरकही मोठा वाटतो हे मला समजते, तरीही माझे मत हेच आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर तोही नीट मांडते. बी-वनवर तुम्हाला तिथे बोलावतील, पण परवान्यासाठी बी-टू लागते, आणि या दोन पायऱ्यांमधले अंतर वरवर दिसते त्याहून बरेच मोठे आहे. बी-वनवर बाजारहाट होतो. पाळी बदलताना आठ रुग्णांची माहिती पुढच्या सहकारीला पाच मिनिटांत देता येत नाही. त्यातच तुम्ही जाणार त्या भागातल्या वृद्ध माणसांच्या तोंडी श्वेबिश बोली असते. पुस्तकातून प्रमाण मराठी शिकून आलेल्या माणसासमोर मालवणातल्या आजी आपले दुखणे सांगू लागल्या, तर त्याचे जे होईल ते पहिले काही आठवडे तुमचे होईल. म्हणून माझा आग्रह आहे की बी-टूचा निम्मा तरी अभ्यास पुण्यातच उरकून घ्या. बोट क्लब रस्त्यावरचे मॅक्सम्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरचे रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे जर्मन शिकण्यासाठी या शहरासारखे शहर महाराष्ट्रात दुसरे नाही. परिचर्येच्या भाषेवर आधारित टेल्क बी-वन-बी-टू फ्लेगे अशी स्वतंत्र परीक्षाही आहे. ती घेता येईल का, की साधे बी-टू प्रमाणपत्र हवे, हे संबंधित कार्यालयाला लेखी विचारून मगच पैसे भरा.

सहायक म्हणून काम करण्याच्या काळाबद्दल दोन गोष्टी मनात स्पष्ट असू द्या. पहिली अशी की तिथे नातेवाईक उशाशी बसलेले नसतात आणि मावशी किंवा वॉर्डबॉय यांच्यावर सोपवायची कामे वेगळी काढलेली नसतात. अंघोळ, भरवणे, कपडे बदलणे, शौचाला नेणे हा परिचर्येचाच गाभा मानला जातो आणि परवानाधारक परिचारिकाही तो करते. हे काम तुम्हाला कमी लेखण्यासाठी दिलेले नसते. दुसरी गोष्ट याच्या उलट बाजूची आहे. तुम्ही इथे सहज करता त्या काही गोष्टी, उदाहरणार्थ शिरेत सुई लावणे, तिथे मुळात डॉक्टरांचे काम समजल्या जातात आणि सोपवल्याशिवाय करायच्या नसतात. रुग्ण अत्यवस्थ दिसला की तुमचा हात सवयीने पुढे जाईल. परवाना हातात येईपर्यंत तो आवरा आणि घंटा वाजवा, कारण त्या काळात सहायकाच्या मर्यादेबाहेर केलेले चांगले कामही तुमच्या विरोधात नोंदले जाऊ शकते.

मध्यस्थाच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला सबुरीचा सल्ला देणार नाही. मूळ प्रमाणपत्रे कुणालाही देऊ नका, एका दिवसासाठीही नाही. भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थाला नोंदणी लागते. ती आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि नोंदणीकृत मध्यस्थालाही सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही. ‘तयारीचा खर्च’ असे नाव दिल्याने पावणेदोन लाख योग्य ठरत नाहीत. जर्मनीतही ‘फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड’ हे शासनमान्य चिन्ह मिळालेल्या संस्थांनी भरतीचा खर्च परिचारिकेकडून घ्यायचा नसतो, तो मालकाने सोसायचा असतो. तेव्हा तुमच्या होऊ घातलेल्या रुग्णालयाला थेट ईमेल करा आणि सराव-अभ्यासक्रमाचा, भाषावर्गाचा व परीक्षेचा खर्च कोण करणार, परवान्याआधी पगार किती आणि नंतर किती, मध्येच नोकरी सोडल्यास काही रक्कम परत मागणार का आणि किती, हे करारात लिहून मागा. अर्जाच्या वेळी तुम्ही मध्यस्थाला अधिकारपत्र दिले असेल, म्हणजे कार्यालयाची सगळी पत्रे त्याच्याकडे जात असतील. ते लेखी रद्द करता येते; तुमचा अर्ज तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही.

कागदपत्रांतली एक अडचण आपल्या मराठी मुलींच्या वाट्याला हमखास येते, म्हणून विचारते. तुमचे जीएनएमचे प्रमाणपत्र आणि परिषदेची नोंदणी माहेरच्या नावाने, मधे वडिलांचे नाव, आणि पासपोर्ट सासरच्या नावाने, मधे पतीचे नाव, असे तर नाही ना? आपल्याला यात काहीच विशेष वाटत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला तीनपैकी दोन शब्द वेगळे असलेल्या या दोन स्त्रिया दिसतात. लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि गरज पडल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रातली नावबदलाची नोंद यांची भाषांतरे आताच तयार ठेवा, परिषदेकडची नोंदणी नूतनीकृत आहे ना तेही पाहा, आणि सगळीकडे नावाचे रोमन स्पेलिंग एकच आहे ना, हे अक्षरन् अक्षर तपासा. माझ्या एका विद्यार्थिनीचे एका ‘एच’पायी पाच महिने वाया गेले.

मैत्रिणीच्या सल्ल्याकडे येते. इंग्लंडची वाट चांगली आहे, पण तिथेही परीक्षा चुकत नाही. परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे जायचे तर आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ गुण किंवा ओईटी या आरोग्यसेवकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची तितकीच पात्रता, मग संगणकावरची सीबीटी ही परीक्षा, आणि तिथे पोहोचल्यावर दहा स्थानकांची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, जिचे शुल्क ७९४ पौंड आहे. तीन प्रयत्नांत ती झाली नाही तर नव्या अर्जासाठी सहा महिने थांबावे लागते. नऊ-नऊ वर्षे अनुभवाच्या मुली तिथे रुग्णाची ओळखपट्टी न पाहिल्यामुळे किंवा ॲलर्जी विचारायची राहिल्यामुळे अडकतात. हात तरबेज असतात, पण प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून दाखवायची सवय नसते. म्हणजे अडचण तीच, फक्त इंग्रजीत. शिवाय अलीकडे इंग्लंडमधली परदेशी परिचारिकांची भरती बरीच मंदावली आहे. तुमच्याजवळ जर्मन बी-वन आहे, नोकरीची तयारी दाखवलेले रुग्णालय आहे आणि काय कमी पडते ते स्पष्ट सांगणारा कागद आहे. हे सगळे बाजूला सारून दोन दगडांवर पाय ठेवू नका. जर्मनीतल्या एका राज्याने दिलेला परवाना पुढे संपूर्ण देशात चालतो, हेही ध्यानात असू द्या.

राहिली तुमची मुलगी. सासूबाई तिला सांभाळायला तयार आहेत ही मोठी गोष्ट आहे आणि त्याबद्दल त्यांना मोकळेपणाने बोलून दाखवा. पण ‘सहा महिन्यांत सगळे तिकडे’ असा शब्द घरात कुणाला देऊ नका. कुटुंबाला बोलवायचे तर पुरेसे उत्पन्न दाखवावे लागते, आणि सहायकाच्या पगारात ते जमणे कठीण असते. म्हणजे व्यवहारात परवाना आधी आणि कुटुंब नंतर, असाच क्रम लागतो. पतीलाही सहसा जर्मन ए-वन, म्हणजे भाषेची अगदी पहिली पायरी, दाखवावे लागते, तेव्हा तुम्ही बी-टूच्या वर्गाला जाल त्याच महिन्यात त्यांनी ए-वन सुरू करावे. चाकणहून दमून येणाऱ्या माणसाला हे जड जाईल, पण रविवारी दोन तास त्यांनी दिले तर तुमच्यामागचा एक मोठा अडसर इथूनच निघून जातो. आणि मुलीपासून वर्ष-दीड वर्ष दूर राहणे तुम्हाला झेपणार नाही असे आतून वाटत असेल, तर बी-टू पूर्ण इथेच करा, घर आणि खर्चाबद्दल रुग्णालयाशी आधी बोला आणि सहा-आठ महिने उशिरा निघा. रुजू होण्याची तारीख पुढे नेता येते का, हे विचारण्यात काहीही कमीपणा नाही. परिचारिकांची टंचाई त्यांना आहे.

तेव्हा जा, असे माझे मत आहे. पण मध्यस्थाला सोडून, अनुभवपत्र हातात घेऊन आणि बी-टूची बरीचशी वाट इथेच चालून जा. निर्णयपत्रातल्या तक्त्याची मराठीत नक्कल करून सदराच्या पत्त्यावर पाठवलीत, तर कोणते रकाने अनुभवाने भरता येण्यासारखे आहेत ते मी पाहून कळवीन. आणि त्यासोबत आणखी एक कागद पाठवा. या आठवड्यातल्या तुमच्या पाळीतला एखादा वयस्क रुग्ण डोळ्यांसमोर आणा आणि, त्याची ओळख पटेल असे काहीही न लिहिता, त्याचा केअर प्लॅन पूर्वी जर्नलमध्ये लिहायचात तसा पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत लिहा. मी लाल पेनाने तपासून परत पाठवते.